नानांचा आवाज आणि दोन माइकांचा डबा

मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे कंपनीच्या बसमध्ये किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. रोज थोडे थोडे पडतात आणि एक दिवस झाडायला घेतलं की कळतं, अरे, हे तर टोपलंभर झालं! आमच्या बसला वेळही भरपूर. चाकणहून सुटलेली बस इंद्रायणीच्या पुलाअलीकडे एकदा उभी राहिली की माणसं सासू, साहेब, सोसायटी सगळ्यांबद्दल बोलून मोकळी होतात, तरी पुढचा ट्रक हललेला नसतो.

परवा बसमध्ये एका नव्या इंजिनिअरने सहज विचारलं, "घरी गाणी रेकॉर्ड करायचीत. स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस कुठला घेऊ?" आम्ही जुनी मंडळी एकमेकांकडे बघून हसायला लागलो. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकायचं ते सगळं आम्ही आधीच चुकून ठेवलं होतं.

* * *

आधी माणसं सांगतो.

नाना प्रेस शॉपचे, जिथे पत्रा दाबणारी मशीनं दिवसभर धडधडतात. गाव लातूरकडचं, राहायला मोशीत. बसच्या मागच्या सीटवर बसून भजन म्हणायचे आणि ते म्हणायला लागले की हॉर्नसुद्धा ताल धरतात असं वाटायचं. स्वाती मॅडम क्वालिटीच्या. त्या घरी पेटी वाजवतात, बसमध्ये नुसता सूर धरतात. तावडे मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन, चिपळूणचे. ढोलकी वाजवतात. बसमध्ये ढोलकी म्हणजे समोरच्या सीटची पाठ, मग तिथे कुणी टेकलेलं असो वा नसो. आणि मी पर्चेसचा. मला गाणं येत नाही, वाजवणं येत नाही. मला घासाघीस येते.

तर नानांचा घसा बरेच दिवस बसलेला होता. आलं, हळद, ज्येष्ठमध सगळं झालं. शेवटी चिंचवडच्या एका डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. दिवाळीनंतर ऑपरेशन. "आवाज राहील," डॉक्टर म्हणाले, "पण हाच राहील असं मी म्हणणार नाही."

हे नानांनी आम्हाला बसमध्ये सांगितलं, तेही हसत. "प्रेस शॉपमधी कोण ऐकतंय माझा आवाज? हातानं खुणा केल्या की काम भागतंय."

त्या दिवशी बस कधी पुलावरून गेली तेही कळलं नाही.

* * *

आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये नानांची गाणी होतीच. दुसऱ्या दिवशी ती काढून ऐकली. एका भजनात बरोबर कळसाच्या जागी कंटेनर रिव्हर्स येतोय. दुसऱ्यात खुद्द मी "अरे खिडकी लाव, धूळ येतीय" म्हणून ओरडतोय. सगळ्यांत चांगलं जे होतं, त्यात नाना ऐकू येतात पण सीटवरची तावडेंची ढोलकी अशी की बस कोसळतेय वाटावं.

स्वाती मॅडम म्हणाल्या, "असं चालणार नाही. ऑपरेशनच्या आधी नानांच्या घरी बसून नीट रेकॉर्ड करू. माइक घेऊ आणि ऑडिओ इंटरफेस घेऊ. कमी बजेटमधले चांगले मिळतात."

तावडेंनी विचारलं, इंटरफेस म्हणजे काय. मॅडमनी समजावलं, की माइकमधून येणारा आवाज कॉम्प्युटरला थेट कळत नाही. हा डबा मध्ये बसतो, आवाज कमीजास्त करतो आणि कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत सांगतो.

"म्हंजी सुपरवायझर," नाना म्हणाले.

* * *

खरेदी माझ्याकडे आली आणि माझ्या अंगात पर्चेस संचारलं. मी तीन दुकानांकडून कोटेशन मागवली. तुलना करणारा तक्ता केला. पिंपळे गुरवच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो तर तिथला दुकानदार भला माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला.

मी विचारलं, "पेमेंट टर्म्स काय?"

तो म्हणाला, "काका, स्कॅन करा नाहीतर कार्ड द्या."

"लीड टाइम? म्हणजे माल किती दिवसांत?"

"समोरच्या कपाटात आहे, काढून देऊ का?"

इतक्या सरळ माणसाशी घासाघीस कशी करायची हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी "कळवतो" म्हणून उठलो. पुढे डबा त्याच्याचकडून घेतला.

* * *

आता वाद. डबा एका माइकचा घ्यायचा की दोन माइकांचा?

माझं म्हणणं, गाणारा एक, तोंड एक, माइक एक. जास्त कशाला? उरलेल्या पैशांत माइक चांगला येईल. तावडेंचं म्हणणं, आठवाला घ्या. "आठ कशाला?" तर म्हणाले, "उद्या लागला तर? स्पेअर असलेला बरा." मेंटेनन्सच्या माणसाला देव प्रसन्न झाला तरी तो एक देव स्पेअर मागेल.

चिंबळी फाट्यापर्यंत हाच विषय. मी नानांना म्हटलं, "तुम्हीच सांगा. तुमचा एकट्याचा आवाज स्वच्छ आला म्हणजे झालं ना?"

नाना खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "सायब, एकट्याचं घ्यायचं असंल तर मला नको. स्वातीताईच्या सुराबिगर मी हितं येऊन कधी गायलोच न्हाई. गावाकडनं आलो तवा गाणं सुटलंच हुतं माझं. ह्या बसनं परत धरायला लावलं."

मॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. बराच वेळ सापडलं नाही.

तेवढ्यात पुढून आमचे ड्रायव्हर बबनमामा बोलले. मामा मूळ मोशीचेच. "दोन बास झाली की. एक नानांला, एक पेटीला. तीन मान्सं एकदम बोलाया लागली की मला पन काय कळत न्हाई."

दोन माइकांचा डबा ठरला. तावडेंची ढोलकी लांब बसवायची, ती दोन्हीकडे आपोआप येईल, असं मॅडम म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरं निघालं. तावडे दुसऱ्या खोलीत बसले असते तरी आले असते.

* * *

मग मी एक घोळ घातला. तो पर्चेसचा माणूसच घालू शकतो.

दुकानदाराने "पत्ता सांगा, पाठवून देतो" म्हटलं आणि मी सवयीने कंपनीचा पत्ता सांगितला. पार्सल आलं. गेटवर त्याची इनवर्ड एंट्री झाली. स्टोअरवाल्याने ते कंपनीचा माल म्हणून रॅकवर चढवलं आणि नियमाप्रमाणे त्यावर पिवळं लेबल लावलं, 'तपासणी बाकी'. आता माल आत आला की गेटपासशिवाय बाहेर जात नाही. हा नियम कुणी केला? मीच केला होता!

दिवाळी तोंडावर आलेली. नाना रोज विचारायचे नाहीत, पण स्टोअरच्या खिडकीवरून जाताना आत बघायचे.

शेवटी स्वाती मॅडमनी गेटपास भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे आम्ही आपसात ठरवत होतो, 'नमुना', 'दुरुस्ती', काहीतरी. मॅडमनी कुणालाच विचारलं नाही. लिहिलं, 'नानांचा आवाज'. आणि सहीसाठी थेट प्लँट हेडच्या केबिनमध्ये नेला. मी केबिनच्या दारात उभा.

साहेबांनी वाचलं. पेन उचललं. सही करता करता विचारलं, "ऑपरेशन कधी आहे त्यांचं?"

एवढंच. या माणसाशी मी किती वर्षं उगाच घाबरून बोलत होतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

* * *

डबा एकदाचा नानांच्या घरी पोहोचला. जोडणी अर्थातच तावडेंकडे. त्यांनी चष्मा लावून सगळी बटणं वाचली आणि एका बटणापाशी थांबले. तिथे लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस व्होल्ट.

"हे काय?"

मॅडमनी सांगितलं, आपण घेतलेल्या माइकला वीज लागते, ती या बटणाने त्याच वायरमधून वर जाते.

तावडे उठून उभे राहिले. "अठ्ठेचाळीस व्होल्ट नानांच्या तोंडासमोर? आधीच त्यांच्या घशाचं दुखणं. मी हे चालू करू देणार नाय."

आणि त्यांनी खरंच बॅगेतून लाल टेप काढली, बटणावर चिकटवली आणि वर कंपनीतला टॅग अडकवला, 'धोका, काम चालू आहे, स्विच लावू नये'. मॅडमनी परोपरीने समजावलं. पण कंपनीत एक नियम आहे, टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. क्वालिटीच्या बाईने तो मोडायचा कसा? माइक मुका तो मुकाच.

त्या रविवारी आम्ही काही न करता चहा पिऊन परतलो. पुढच्या रविवारी दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला. त्याने एक नजर टाकली आणि विचारलं, "काका, ती लाल पट्टी कसली?"

तो अर्धा तास तावडेंशी बोलला. वीज किती कमी, शॉक का लागत नाही, सगळं. तावडेंनी उलटसुलट प्रश्न विचारले. मग टॅग काढला, टेप काढली, पायांत सेफ्टी शूज घातले, बटण दाबलं आणि माइक स्वतःच्या ओठांना टेकवून उभे राहिले. बराच वेळ.

"आता नानांना द्या," म्हणाले.

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी तावडेंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

* * *

पुढचं विघ्न म्हणजे लाल दिवा. आवाज जास्त झाला की डब्यावर तो पेटतो, म्हणजे रेकॉर्डिंग फाटलं समजायचं. नाना नुसतं "रामकृष्णहरी" म्हणाले तरी पेटायचा. प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, समोरच्याशी बोलायचं म्हणजे प्रेसच्या वरच्या पट्टीत बोलायचं, ही सवय कशी जाणार? मॅडम बटण फिरवून खाली आणायच्या, नाना पट्टी वर न्यायचे.

मॅडम काकुळतीला आल्या. "नाना, घरात वहिनींशी बोलता तसं बोला बरं."

कमलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वहिनी म्हणजे शांत बाई, दोन वाक्यांत महिना काढतील. त्या म्हणाल्या, "आमच्याशी असंच बोलत्यात. आज भाजी कशाची हाय ते खालच्या मजल्याला म्हाईत असतंय."

शेवटी बटण पार तळाला आणलं, माइक लांब सरकवला आणि नानांच्या पाठीमागे वहिनींच्या गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. शेजारच्या साइटवर ड्रिल चालू होतं. वहिनी स्वतः जाऊन मुकादमाला काहीतरी सांगून आल्या आणि ड्रिल थांबलं. काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

मग नाना गायले. बसमध्ये ऐकलेलीच भजनं, एक गावाकडची गवळण. पण हॉर्न नाही, धूळ नाही, धक्के नाहीत. नानांचा आवाज इतका मऊ आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. हेडफोन एकच होता. तो आम्ही प्रसादासारखा हातोहात फिरवला.

* * *

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्या दिवशी बबनमामांनी बसमध्ये पेढे वाटले. पण डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. बोलायची बंदी उठल्यावर नानांच्या गळ्यातून जे आलं ते बारीक, घोगरं, कागदावर कागद घासल्यासारखं. व्यायामाने थोडं सुधारेल म्हणतात. नानांनी हातानेच खूण केली, असू दे. आता ते प्रेस शॉपऐवजी टूल रूमला बसतात आणि बसमध्ये समोरच्या सीटवर बोटांनी ताल धरतात. तावडेंनी ती सीट त्यांना देऊन टाकली आहे. मला अजून त्या बोटांकडे फार वेळ बघवत नाही.

मी सगळी गाणी नीट क्रमाने लावून पेन ड्राइव्हमध्ये घातली आणि मोशीला नेऊन दिली. कमलवहिनींनी दोन्ही हातांनी घेतली, देवापाशी ठेवली. चहा दिला. मी निघालो तर दारापर्यंत आल्या.

"भावजी, त्या दिवशी ते कुकरचं झालतं, ते हाय का?"

मला आठवेना. मग आठवलं. पहिल्याच भजनाच्या ऐन मध्यावर आत कुकरची शिट्टी झाली होती आणि नाना गाणं थांबवून ओरडले होते. लाल दिवा असा पेटला की विझेना. तो सगळा टेक वाया गेला होता.

"वहिनी, ते रिजेक्ट केलं."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी टाकून दिलं?"

"नाही, नाही. स्वाती मॅडमचा माल आहे तो. आमच्याकडे रिजेक्ट झालेला पीससुद्धा टाकत नाहीत, लाल पेटीत वेगळा ठेवतात. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये तसा फोल्डरच केलाय."

"मग तेवढंच मला फोनात घालून द्या."

मी म्हटलं, त्यात गाणं अर्धवट आहे, शिट्टी आहे, आवाज फाटलाय. त्या म्हणाल्या, असू द्या. मी घालून दिलं. त्याचं त्यांनी पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

मध्यंतरी माझी रजा होती आणि डबा हवा होता, म्हणून संध्याकाळी मोशीला गेलो. नाना कामावरून यायचे होते. त्यांना फोनवर बोलायला जड जातं, त्यामुळे बस चिंबळी फाट्याला आली की ते घरी नुसता मिस्ड कॉल देतात, मग वहिनी भाकरी टाकायला घेतात. मला हे बसमध्ये रोज दिसायचं. त्या टोकाला काय होतं ते दिसत नव्हतं.

वहिनी परातीत पीठ मळत होत्या. ओट्यावरचा फोन वाजला आणि घरभर नानांचा आवाज घुमला, जुना, भरदार, खालच्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"कमळे, आगं कुकर बघ की! हितं आमचं रेकॉर्डिंग चाललंय!"

मी दचकून दाराकडे बघितलं. वहिनी पिठाचे हात तसेच धरून फोनपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आवाज पुन्हा सुरू झाला. कमळे, आगं कुकर बघ की. नाना आज मिस्ड कॉल तोडायला विसरले असावेत, किंवा काही महत्त्वाचं असावं, असं मला वाटलं.

"वहिनी, उचला की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उचललं की बंद होतंय ते, भावजी."